अंथरूण कोणाचें?

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्याकडे लहानपणापासून प्रत्येकाच्या कानीं पडते. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या साऱ्या अर्थशास्त्राचें सार तींत आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु एका प्रश्नाविषयीं ही म्हण मुग्ध आहे. अंथरूण किती लांब आहे तें पाहावें, इतकें ती सांगते. तें अंथरूण कोणाचें आहे, याची चौकशी करण्यास ती सांगत नाहीं. एरवीं हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं, कारण घरीं असलेला मनुष्य बहुधा आपल्याच अंथरुणावर निजतो. तो घराबाहेर पडला, आणि विशेषतः थोड्या पैशांत मोठें शहर पाहण्यास निघाला, म्हणजे मात्र या प्रश्नास तोंड द्यावेंच लागतें.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील एखाद्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या किंवा लहान दुकानदाराच्या घरचें उदाहरण घेऊं. २०२४ सालीं नांव बदलण्यापूर्वीं हाच अहमदनगर जिल्हा होता, हें वाचकांस ठाऊकच आहे. मुलांच्या परीक्षा संपल्या आहेत, आणि यंदा तरी मुंबई दाखवा, असा त्यांचा हट्ट आहे. नगराहून मुंबई सुमारें अडीचशें किलोमीटर. आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याणास जावें, पुण्यावरून जावें, अथवा १८७८ सालीं सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाच्या एका टोकाकडून वळसा घेऊन आगगाडीनें जावें, असे मार्ग आहेत. रात्रीं जेवणें उरकल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बेत सुरू होतो. भाडें इतकें, राहण्याचे इतके, जेवणाचे इतके, तिकिटांचे इतके. बेरीज ऐपतीबाहेर जाते, आणि मग वजाबाकीस आरंभ होतो. लॉज नको, भाऊबंदांपैकीं कोणी डोंबिवलीस आहे, त्याच्याकडे उतरूं. हॉटेलांतलें जेवण नको, दशम्या आणि चटणी बरोबर घेऊं. आजीस न्यावयास नको, तिचे गुडघे दुखतात. अशा रीतीनें बेरीज हळूहळू आटोक्यांत येते आणि घरांत समाधान पसरतें.

ही वजाबाकी सर्वांस केवळ गणिताची बाब वाटते. आमच्या मतें ती नीतीची बाब आहे. कारण एखादी रक्कम कागदावरून खोडली म्हणजे ती जगांतून नाहींशी होतेच, असें नाहीं; पुष्कळदां ती दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर चढते. तेव्हां प्रवास स्वस्तांत झाला असें कोणी सांगूं लागला, तर तो किती स्वस्तांत झाला, याबरोबरच तो कोणामुळें स्वस्त झाला, हेंही विचारणें योग्य आहे. या लेखांत आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचाच थोडा विचार करणार आहों.

परंतु त्यापूर्वीं एका आक्षेपाचा परामर्श घेणें जरूर आहे. कित्येक वडीलधारी माणसें म्हणतील कीं, ज्याच्या गांठीं पैसा कमी त्यानें शहर पाहण्याची हौस धरावीच कशाला? पोट भरणें ही गरज, शहर पाहणें ही चैन. हा आक्षेप दिसतो तितका सुज्ञपणाचा नाहीं. शहर हें पाहण्यासारखी आणि समजून घेण्यासारखी वस्तु आहे, हें गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून मराठी वाचकांस कधींच दाखवून दिलें. शिवाय मुंबई आमच्या जिल्ह्यास परकी नाहीं. पारनेर, अकोले, संगमनेर या तालुक्यांतील कितीतरी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तेथें गेले; त्यांनीं गोद्यांत आणि बाजारांत ओझीं वाहिलीं, गिरण्यांत पाळ्या केल्या, एका खोलींत आळीपाळीनें झोप घेतली आणि खानावळींत जेवून गांवीं मनीऑर्डरी पाठविल्या. आपल्या आजोबांच्या घामानें जें शहर उभें राहिलें, तें नातवानें एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही इच्छा चैन कशी म्हणावी?

जगानेंही हा हक्क मान्य केला आहे. फ्रान्समध्यें १९३६ सालीं कामगारांस पगारी रजेचा कायदा झाला आणि त्याबरोबर आगगाडीच्या भाड्यांत मोठी सवलत देण्यांत आली. त्या उन्हाळ्यांत अनेक मजुरांनीं जन्मांत पहिल्यानेंच समुद्र पाहिला. १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं जो मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या चोविसाव्या कलमांत विश्रांति, फुरसत आणि ठराविक काळानें पगारी सुटी हा प्रत्येक मनुष्याचा हक्क म्हणून नमूद आहे. आमच्या पाथर्डी-शेवगांवकडील ऊसतोड कामगार वर्षांतील कित्येक महिने प्रवासांतच असतात, पण त्यांच्या प्रवासास कोणी सहल म्हणत नाहीं. कारण तो पोटासाठीं असतो आणि त्यांत वळून पाहण्यास उसंत नसते. ज्यास उसंत मिळाली आहे, त्यानें ती घ्यावी. तिची लाज बाळगूं नये. प्रश्न आहे तो ती कोणाच्या जिवावर घ्यावयाची, इतकाच.

आमच्या समजुतीप्रमाणें स्वस्त प्रवासाची उरलेली किंमत तिघांपैकीं कोणी तरी देतो: एक आपण स्वतः, दुसरा समाज, आणि तिसरा असा कोणी कीं ज्यास आपण विचारलेलें नसतें. या तिघांच्या देण्याची नीति निरनिराळी आहे.

प्रथम आपण स्वतः देतों त्याचा विचार करूं. पैशाऐवजीं पाय, वेळ आणि विचार खर्च करणाऱ्यास मुंबईंत अतिशय मिळतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं ज्या बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास गेली, तेथें आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस उभें आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाची ही इमारत १८८८ सालीं पुरी झाली आणि २००४ सालीं जागतिक वारशांत तिची गणना झाली. ती बाहेरून पाहण्यास तिकीट लागत नाहीं. तेथून पायीं निघावें. हुतात्मा चौकांत संयुक्त महाराष्ट्रासाठीं प्राण देणाऱ्यांच्या स्मारकापाशीं मुलांस थोडें थांबवावें. जवळच उच्च न्यायालय आणि विश्वविद्यालयाचा राजाबाई मनोरा; दोन्ही १८७८ सालचीं कामें. मनोऱ्यासाठीं प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानें पैसा दिला आणि त्यास आपल्या आईचें नांव दिलें. पूर्वेस वळल्यास १८३३ सालीं बांधून झालेला टाऊन हॉल आणि त्याच्या रुंद पायऱ्या. दक्षिणेस जहांगीर कलादालन, जेथें आजच्या चित्रकारांचीं चित्रें विनामूल्य पाहतां येतात. समोरच १९२२ सालीं उघडलेलें वस्तुसंग्रहालय. आणि शेवटीं समुद्रकांठीं १९२४ सालचें गेटवे ऑफ इंडिया. याच कमानींतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजांची शेवटची पलटण या देशांतून बाहेर पडली. हा सारा टापू अडीच-तीन किलोमीटरांचा आहे. त्यांत शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे आणि वस्तुसंग्रहालयाचें तिकीट सोडल्यास खर्च जवळजवळ कांहीं नाहीं.

अर्थात् निवड करावी लागते, आणि निवड म्हणजे त्याग. घारापुरीचीं लेणीं पाहावयाचीं कीं कान्हेरीचीं, हें अगोदर ठरवावें. एका दिवसांत दोन्ही होत नाहींत. घारापुरीस गेटवेपासून नावेचें भाडें पडतें, पण तेथें त्रिमुखी शिव आहे. कान्हेरीस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून जावें लागतें, पण तेथें शंभरांहून अधिक लेण्यांचा विहारच डोंगरांत कोरलेला आहे. घारापुरी सोमवारीं बंद असतें, आणि भायखळ्याचा राणीचा बाग व त्याच्या शेजारचें भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारीं बंद असतें. हें ठाऊक नसल्यामुळें फुकट गेलेला दिवस हा तिकिटाहून महाग पडतो. लाबर्नम रस्त्यावरील मणिभवनांत १९१७ ते १९३४ या काळांत गांधीजींचा मुक्काम असे. तेथून गिरगांवची चौपाटी पायीं गांठतां येते. ज्याचा खिसा भरलेला आहे तो दिवसांत दहा ठिकाणें मोटारींतून पाहतो आणि परत आल्यावर त्यांचीं नांवेंही त्यास आठवत नाहींत. ज्यास तिहींवर समाधान मानावें लागतें, तो तीं तीन कायमचीं घेऊन येतो. दरवर्षीं ६ डिसेंबरास चैत्यभूमीवर जे लोक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून जमतात, त्यांच्यापैकीं पुष्कळजण भाकरी घरची बांधून आणतात आणि वाचलेला पैसा शिवाजी पार्काजवळच्या पुस्तकांच्या दुकानीं खर्च करतात. स्वतःच्या गैरसोयीनें काटकसर करून खर्च कशावर करावा, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु ‘आपण स्वतः’ हा शब्द कुटुंबाच्या बाबतींत मोठा फसवा आहे. कागद-पेन्सिल ज्याच्या हातीं, तो ‘आपण’ म्हणतो तेव्हां त्यांत कोणकोण येतें, हें पाहिलें पाहिजे. दशम्या फुकट होतात, असा जो समज आहे तो त्या भाजणारीच्या झोपेचें मोल शून्य धरल्यामुळें झालेला आहे. पहाटे तीन वाजतां उठून तिनें चार दिवसांची शिदोरी करावी, प्रवासांत पिशव्या सांभाळाव्या, परक्या घरच्या मोरींत सर्वांचे कपडे धुवावे, आणि परत आल्यावर तिलाही मुंबई पाहण्यास मिळाली म्हणून तिनें कृतज्ञ असावें! तिच्या वांट्यास आलेला तो बदल म्हणजे एका चुलीपासून दुसऱ्या चुलीपर्यंतचा प्रवास होय. तिच्या विश्रांतीचें एखादें जेवण अंदाजपत्रकांत मुद्दाम घातलें, तर बेरीज थोडी वाढेल, पण ती खरी होईल.

तीच गोष्ट आजीच्या गुडघ्यांची. मागें कोणास ठेवावयाचें हें पैशाच्या टंचाईंत ठरतें, आणि कारण मात्र दुसरेंच सांगितलें जातें. येथें अलीकडच्या दोन निर्णयांनीं मोठा चमत्कार घडविला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहनाच्या बसमध्यें पंचाहत्तर वर्षांवरील सर्वांस विनामूल्य प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस निम्मे भाडें लागू झालें. आतां शहात्तर वर्षांच्या आजीस नेण्यास बसचा एक पैसाही पडत नाहीं. तरीही तिचे गुडघे दुखतच असतील, तर तें दुखणें खरें कीं आपल्या सोयीचें, हें तिलाच विचारून पाहावें. पंढरीस पायीं जाऊन आलेली म्हातारी समुद्र पाहण्यास नाहीं म्हणेल, असें आम्हांस तरी वाटत नाहीं. आमची सूचना अशी आहे कीं, बेत करतांना घरांतील प्रत्येकानें एकेक गोष्ट मागावी. ज्याच्या हातीं पैसा आहे त्यानें सर्वांच्या शेवटीं मागावी. आणि कांहीं खोडण्याची पाळी आली तर ती शेवटची मागणी प्रथम खोडावी. काटकसर घरांतल्या घरांत जरी झाली, तरी ती जो ठरवितो त्याच्यापासून सुरू झाली पाहिजे.

आतां दुसरा देणारा, म्हणजे समाज. थोड्या पैशांत दूर जातां येतें, याचें मोठें कारण आपल्यापूर्वीं कोणी तरी त्याची तरतूद करून ठेविलेली असते. ज्या अहिल्याबाईंचें नांव आतां या जिल्ह्यास मिळालें आहे, त्यांचा जन्म १७२५ सालीं याच जिल्ह्यांत जामखेड तालुक्यांतील चौंडी या गांवीं झाला. काशीच्या विश्वेश्वराचें मंदिर त्यांनीं १७८० सालीं पुन्हा उभें केलें, हें सर्वांस ठाऊक असतें. पण देशभर त्यांनीं जे घाट, ज्या विहिरी आणि ज्या धर्मशाळा बांधविल्या, त्यांचें महत्त्व आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक आहे. गरीब यात्रेकरूस वाटेंत पाणी आणि रात्रीं निवारा मिळाला म्हणजे त्याची यात्रा स्वस्त होते, आणि तिचा खर्च ज्याच्याजवळ आहे त्यानें आपण होऊन उचललेला असतो. येथें कोणावर जुलूम नाहीं, कोणाचा संकोच नाहीं. अशी स्वस्ताई घेणाऱ्यास मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

मात्र जुन्या काळच्या या औदार्याचें गोडवे गातांना त्याची एक मर्यादा विसरतां कामा नये. धर्मशाळेचें दार सर्वांस सारखें उघडें नव्हतें. सरकारी पैशानें बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर आणि धर्मशाळांत अस्पृश्यांस मज्जाव असूं नये, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं संमत झाला; म्हणजे तोंवर मज्जाव होता, हें उघडच आहे. आणि ठरावानें मनें बदलत नाहींत. १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारें तीस सहकाऱ्यांसह वेरूळचीं लेणीं पाहण्यास निघाले होते. कामाच्या रगाड्यांतून काढलेली ती एक साधी सहलच होती. वाटेंत दौलताबादच्या किल्ल्यापाशीं त्यांच्यापैकीं कांहींनीं प्रवासाची धूळ धुण्यासाठीं हौदाच्या पाण्याला हात लावला, आणि पाणी बाटविलें म्हणून त्यांच्यावर गहजब झाला. शेवटीं कोठेंही पाण्यास स्पर्श न करण्याच्या अटीवर, पहाऱ्यांत, त्यांना किल्ला पाहावा लागला. ही हकीगत बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. प्रवासाची खरी किंमत कित्येकांस अशा नाण्यांत द्यावी लागली, हें ज्यास ठाऊक आहे त्यास ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां १ जून १९४८ हा दिवस आमच्या जिल्ह्यानें अभिमानानें स्मरावा असा आहे. त्या दिवशीं राज्य परिवहनाची पहिली बस नगर आणि पुणें यांच्या दरम्यान धांवली. ज्याच्याजवळ तिकीट तो बसला. त्याच्या शेजारीं कोण बसावें हें ठरविण्याचा अधिकार त्यास नव्हता. धर्मशाळेचें औदार्य आणि बोल्यांच्या ठरावाची समता, हीं दोन्ही त्या गाडींत एकत्र आलीं. सार्वजनिक बाग, फुकट पाहण्याचें संग्रहालय, समुद्रकांठचा बांधीव कट्टा, सवलतीचें भाडें, हीं सारीं त्याच जातीचीं आहेत. त्यांचा उपभोग घेणारा भिक्षेकरी नसून भागीदार असतो, आणि म्हणूनच त्याच्यावर भागीदाराचीं कर्तव्यें येतात. चौपाटीवर टाकलेला कागद दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणा तरी झाडूवाल्यास वांकून उचलावा लागतो. आपल्या चार आण्यांच्या आळसाची किंमत त्याच्या पाठीनें दिलेली असते. लेण्यांच्या भिंतीवर नांव कोरणारा तर पुढें येणाऱ्या प्रत्येकाकडून कर वसूल करतो. समाजाकडून जें स्वस्त मिळालें तें पुढच्यास तितक्याच चांगल्या स्थितींत मिळेल अशा रीतीनें सोडून निघणें, एवढीच त्याची परतफेड आहे.

आतां राहिला तिसरा देणारा, आणि अडचण सारी त्याच्याच बाबतींत आहे. डोंबिवलीचा तो भाऊबंद घेऊं. त्याच्याकडे दोन खोल्या आहेत. घरांत चार माणसें आहेत. पाणी ठराविक वेळीं येतें, आणि त्या वेळांत सर्वांचीं स्नानें, धुणें, भरणें उरकावें लागतें. त्याची पत्नी सकाळीं आठाच्या सुमारास गर्दीच्या लोकलमध्यें चढते. मुलाची परीक्षा अजून संपलेली नाहीं. या घरांत चार दिवसांसाठीं पांच पाहुणे येतात, आणि आपण लॉजचे पैसे वांचविले असें समजतात. वस्तुतः ते वांचलेले नसतात. ते त्या बाईच्या झोपेंतून, त्या मुलाच्या अभ्यासांतून आणि महिनाअखेरच्या किराण्यांतून वसूल झालेले असतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याचें औदार्य जसें खोटें, तशीच दुसऱ्याच्या घरावर केलेली ही काटकसरही खोटी. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. पण येथें तर यजमानाचा मुलगा स्वयंपाकघरांत सतरंजीवर निजलेला असतो, आणि त्याच्या अंथरुणावर आपले पाय पसरलेले असतात.

यावर कोणी म्हणेल कीं, अतिथि हा देव, असें आपली संस्कृति सांगते. पाहुण्याचा हिशेब मांडणें हें शहरी कोतेपणाचें लक्षण आहे. संस्कृतीचाच आधार घ्यावयाचा तर तो पुरा घेतला पाहिजे. १९२७ सालीं महाडास ज्या मनुस्मृतीचें दहन झालें, तींतील पुष्कळ भाग आम्हांस त्याज्यच वाटतो. परंतु आतिथ्याच्या नांवानें परंपरेकडे बोट दाखविणाऱ्यांस एवढें सांगितलें पाहिजे कीं, त्याच ग्रंथानें अतिथीची व्याख्या एक रात्र राहणारा अशी केली आहे, आणि जे गृहस्थ परान्नाच्या लोभानें घरोघर फिरतात ते मरणानंतर अन्नदात्याचीं गुरें होतात असें बजाविलें आहे. म्हणजे यजमानास धर्म सांगतांना जुन्या लोकांनीं पाहुण्यासही मोकळें सोडलें नव्हतें. आम्हीं मात्र त्यांतला यजमानाचा अर्धा भाग तेवढा पाठ केला आहे.

आमचें म्हणणें असें नाहीं कीं, नातलगाकडे उतरणें हेंच अनीतीचें. मुंबईंतील पुष्कळ घरें गांवाकडच्या माणसाची वाट पाहत असतात. त्याच्या तोंडून पावसापाण्याची, लग्नकार्यांची बातमी ऐकण्यांत त्यांस खरा आनंद असतो, आणि गर्दींत राहून आलेला एकटेपणा त्यामुळें दोन दिवस तरी हटतो. तेव्हां एक घर भार मानील तेंच दुसरें घर भाग्य मानील. मग भेद कशानें ओळखावा? आमच्या मतें एकाच खुणेनें: समोरच्यास नाहीं म्हणण्याची सोय आपण ठेविली होती काय? निघण्याच्या आदल्या रात्रीं ‘आम्ही उद्यां सकाळीं पोंचतों’ असें फोनवर सांगणें हें विचारणें नव्हे. ज्यास नकार देतां येत नाहीं त्याचा होकार म्हणजे संमति नव्हे. पंधरा दिवस अगोदर, दोन पर्याय पुढें ठेवून, ‘तुमच्याकडे अडचण असेल तर आम्ही एकाच दिवसांत जाऊन येऊं’ असें ज्यानें मनापासून लिहिलें, त्यास आलेला होकार खरा असतो, आणि त्या घरचा घोटभर चहाही गोड लागतो.

हा तिसरा देणारा केवळ नातलगच असतो असें नाहीं. पदपथावरील विक्रेत्याशीं दहा रुपयांसाठीं अर्धा तास घासाघीस करून आपण जिंकलों असें मानणारा गृहस्थ त्याच संध्याकाळीं चकचकीत दुकानांत छापील किंमत मुकाट्यानें मोजतो. त्याची काटकसर बलवानापुढें गप्प बसते आणि दुर्बळापुढें बोलते. स्वस्त खाणावळीचें ताट स्वस्त कसें पडतें, तें वाढणारा पोरगा रात्रीं कोठें निजतो, याचा शोध प्रत्येक पाहुण्यानें लावावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण जेथें आपल्या हातीं दोन पैसे कमी-अधिक करणें आहे, तेथें ते कोणाकडून कमी करावे याचा विवेक तरी असावा.

हा विवेक आमच्या जिल्ह्यास कठीण वाटूं नये, कारण त्याची दुसरी बाजू आम्ही दरवर्षीं पाहतों. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभीं अकोले तालुक्यांत भंडारदरा-घाटघरच्या बाजूस हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर असंख्य काजवे लुकलुकूं लागतात, आणि तें पाहण्यास मुंबई-पुण्याकडून गाड्यांची रीघ लागते. एका रात्रीची ही स्वस्त सहल. काजव्याचा प्रकाश हा त्याचा जोडीदारास दिलेला संकेत असतो. मोटारींच्या दिव्यांत आणि विजेऱ्यांच्या झोतांत तो संकेत हरवतो. गाड्या निघून गेल्यावर बाटल्या आणि कागदी ताटें मागें उरतात, आणि तीं गोळा करण्याचें काम गांवावर पडतें. अर्थात् त्याच भागांत गांवकऱ्यांच्या घरीं भाकरी-पिठलें खाऊन, त्याचे पुरते पैसे देऊन, दिवे मालवून अंधारांत शांत उभे राहणारे पाहुणेही येतात, आणि गांव त्यांची आठवण काढतो. आमच्या दारीं आलेल्या या दोन तऱ्हांच्या पाहुण्यांतील अंतर आम्हांस चटकन् कळतें. आम्ही दुसऱ्याच्या दारीं जातों तेव्हां त्यांपैकीं कोणते असतों, एवढेंच स्वतःस विचारावयाचें आहे.

शेवटीं एक अवघड प्रसंग उरतो. ज्याच्याजवळ लॉजपुरते पैसे खरोखरच नाहींत, आणि नातलगाच्या घराविना ज्यास मुंबई दिसणेंच शक्य नाहीं, त्यानें काय करावें? त्यानें मुंबई पाहूं नये, असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. त्यानें चाराऐवजीं दोन दिवसांचा बेत करावा. वर सांगितल्याप्रमाणें आधीं खरें विचारावें. सकाळीं लवकर बाहेर पडून रात्रीं निजण्यापुरतें परत यावें. आणि यजमानाच्या मुलांपैकीं एखाद्यास आपल्याबरोबर राणीच्या बागेंत न्यावें, कारण मुंबईंत राहणाऱ्या पुष्कळ मुलांनीं मुंबई पाहिलेली नसते. रिकाम्या हातानें जाऊं नये. आपल्याकडे शिधा नेण्याची जी जुनी चाल आहे ती फार शहाणपणाची आहे. बाजरी, कांदे, गूळ, भुईमुगाच्या शेंगा, घरचें तूप यांपैकीं जें जमेल तें नेल्यानें यजमानाचा मान राखला जातो आणि पाहुण्याचाही. पैसे हातावर ठेवले तर अपमान होतो. शिधा ठेवला तर दोघेही एकाच चुलीचे होतात.

आणि बेताच्या कागदावर एक रकाना अधिक आंखावा. ‘किती’ या रकान्याशेजारीं ‘कोण देणार’ असा दुसरा रकाना असावा, आणि शून्य लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढें तो प्रथम भरावा. तेथें आपलें नांव आलें तर आनंद मानावा. समाजाचें आलें तर कृतज्ञता ठेवावी आणि जागा स्वच्छ सोडावी. आणि तिसऱ्या कोणाचें आलें तर निघण्यापूर्वीं त्यास विचारावें आणि परत आल्यावर त्याचें ऋण फेडण्याची वेळही ठरवावी. नगर जिल्ह्यास हें फार कठीण नाहीं. थंडींत ज्वारीचीं कणसें हुरड्यास आलीं म्हणजे डोंबिवलीच्या त्या कुटुंबास शेतावर बोलवावें, दोन दिवस ठेवून घ्यावें, आणि त्या बाईस चुलीजवळ जाऊं देऊं नये.